तात्यांच्या जीपचं हौसिंग

सूतगिरणी अजून बांधलेलीच नव्हती. जागेवर बाभळी होत्या, एक पाटी होती आणि पाटीमागं पत्र्याची खोली. त्या खोलीत वॉचमन स्वतःच्या शेळ्या बांधायचा. कापसाचं एक बोंड त्या गिरणीत कधी गेलं नाही आणि सुताचा एक धागा तिच्यातून कधी निघाला नाही. निवडणूक मात्र कधी चुकली नाही. दर खेपेला मटण शिजायचं, दोन-चार डोकी फुटायची, गुलाल उडायचा आणि नवा चेअरमन नव्या गाडीत बसून बाभळींची पाहणी करून यायचा.

ह्या न झालेल्या गिरणीचे पहिले चेअरमन भगवानराव. सगळा केज तालुका त्यांना तात्या म्हणायचा. तात्या आणि त्यांची जुनी जीप वेगळी अशी कुणी बघितलीच नव्हती. विटकं हिरवं हूड, पुढं तात्यांचा फेटा आणि मागं धुरळा. तात्या गेले. त्यांच्या पोरानं, म्हणजे सुंदररावदादानं, जीप गोठ्यामागं लोटून दिली, पांढरी मोठी गाडी घेतली आणि पहिल्याच निवडणुकीत सपाटून आपटला.

पडलेला माणूस कारण शोधतो. दादाला ते स्वतःत सापडणं शक्यच नव्हतं, म्हणून ते गाडीत सापडलं.

"लोकांनी तात्याला कुठं, जीपला मतं दिलती," असं त्याच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं. म्हणणाऱ्यानं भरपूर ढोसलेली होती. पण त्या बैठकीत शुद्धीवरच्या माणसाचं ऐकायची पद्धतच नव्हती. ठरून गेलं. ह्या खेपेला फॉर्म भरायला तात्यांच्या जीपमध्येच जायचं.

त्यामुळं एका सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती जीप गुरुलिंगआप्पाच्या गॅरेजवर आली. पोरांनी उचलून ती विटांच्या थप्प्यांवर ठेवली, कारण खाली चाकं लावायला काही शिल्लकच नव्हतं.

नेकनूरकडून केजात शिरताना, गावाच्या जरा अलीकडं, लिंबाखाली हे गॅरेज. चार खांब, वर पत्रे, मागं दोन खोल्यांचं घर. गुरुलिंगचा बाप महांतेशआप्पा इथंच जीपांखाली झोपून म्हातारा झाला आणि गुरुलिंगही त्याच वाटेवर होता. कपाळाला भस्माचे पट्टे, कोपरापर्यंत ग्रीस, आणि तोंडाला कुलूप नाही. "डोळे झाकून गिअरबॉक्स खोलणारा मराठवाड्यात एकच माणूस हाय," असं तो सांगायचा, आणि तो कोण हे विचारायची वेळ समोरच्यावर येऊ द्यायचा नाही. त्याचं काम चांगलं होतं. बढाई त्याहून चांगली होती. पण गॅरेजखालच्या जमिनीचा विषय निघाला की ही बढाई गप्प बसायची. जमीन सरकारी होती. बापाच्या वेळी तात्यांच्या शब्दावर पत्रे उभे राहिले, आणि शब्द देणारा माणूस आता फोटोत होता.

दादा पांढऱ्या गाडीतून उतरला. "आप्पा, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ही जीप चालती पायजे."

गुरुलिंगनं वाकून खालून बघितलं. इंजिन होतं. इंजिनाच्या मागं गिअरबॉक्स नव्हता, गिअरबॉक्सच्या मागं शाफ्ट नव्हता, शाफ्टच्या मागं हौसिंग नव्हतं. थेट पलीकडच्या लिंबाचं बूड दिसत होतं.

"दादा, ह्याच्यात जीप कुठं हाय? हा नुसता सांगाडा हाय."

"अन् तुझ्या गॅरेजखाली तरी तुझी जागा कुठं हाय?" दादा हसतच म्हणाला. "रस्ता रुंद व्हायलाय. पत्रे उचलायचं मशीन कुणाच्या फोनवर कुठं आधी जातं, ते तुला म्हाईत हाय. मी निवडून आलो तर तुझ्या पत्र्याला बोट लावायची कुणाची टाप न्हाई. जीप उभी कर, गॅरेज उभं राहील."

दादाची गाडी धूळ उडवत गेली. आतून शांतादेवी बाहेर आली. ती गुरुलिंगची बायको. नवऱ्याच्या बढाईतली हवा रोज संध्याकाळी काढून ठेवायचं काम तिच्याकडं होतं.

"काय म्हणला?"

"मी म्हणलो, चालवून दाखवतो."

"तुमी काय म्हणलाव ते न्हाई इचारलं. त्यो काय म्हणला?"

गुरुलिंगनं पत्र्याकडं बघितलं. तिला कळलं.

जीपचे भाग गेले कुठं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांच्या तेराव्याला कार्यकर्ते रडत आले आणि आठवण म्हणून एकेक भाग खोलून घेऊन गेले. रडता रडता नट ढिले करायला अंगात कसब लागतं. ते सगळ्यांच्यात होतं.

गुरुलिंगकडं लिंबाखाली एका भंगारातल्या जीपचं हौसिंग पडलेलं होतं. चांगलं होतं. हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी भोपळा. इंजिनातून आलेलं फिरणं त्याच्या पोटातली दातेरी चक्रं चाकांकडं वळवतात. ते टाकायचं, बीडच्या बाजारातून एक गिअरबॉक्स आणायचा, शाफ्ट करून घ्यायचा, की झाली जीप. त्यानं तसं दादाला सांगितलं.

"बाहेरचं काय बी नको," दादा म्हणाला. "तात्यांचेच भाग पायजेत. ज्याच्याकडं जे हाय, त्याच्याकडून तेच आणायचं."

दादाला जीपमधलं काही कळत नव्हतं, पण हे त्याला बरोबर कळत होतं. ज्यांनी भाग नेले, ते आज एकेका गटाचे पुढारी झाले होते. तात्यांचा गिअरबॉक्स केजच्या गटाकडं होता, शाफ्ट नेकनूरच्या गटाकडं, हौसिंग सिरसाळ्याच्या गटाकडं. ज्याच्या घरून भाग येणार, त्याच्या गटाचे सभासद भागाबरोबर येणार. अशी ही दुरुस्ती. आघाडीची बैठक चटईवर न होता गुरुलिंगच्या जॅकवर झाली, एवढाच फरक.

गिअरबॉक्स आला तो हलगी वाजवत. त्याला फेटा बांधला होता. केजच्या पुढाऱ्यानं तो इतकी वर्षं प्रवासी जीपमध्ये वापरून असा झिजवला होता की तिसरा गिअर हातानं दाबून धरला नाही तर उडी मारून बाहेर यायचा. नेकनूरकरांचा शाफ्ट गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून होता. तो म्हशीनं शिंग मारून वाकवलेला. गुरुलिंगनं दोन्हीकडं बघितलं, शिवा शिवा म्हणाला आणि गप्प बसला, कारण समोर पोरं मोबाइल धरून उभी होती.

"आप्पा, दोन शब्द बोला. रील करायलोय."

गुरुलिंग लगेच ताठ झाला. "तात्यांची जीप! जशीच्या तशी! एक नट बाहेरचा लावणार न्हाई! महांतेशआप्पाचा लेक सांगायलाय!"

ते रील तालुकाभर फिरलं. सासुरवाडीहून फोन आला. गुरुलिंग दिवसभर जीपखाली गाणं म्हणत होता.

शेवटी, फॉर्मच्या आदल्या दिवशी, हौसिंग आलं. आणणारा शहादेव. सिरसाळ्याचा शहादेव म्हणजे सगळ्यांत मोठा गट, सगळ्यांत मोठा आवाज आणि सगळ्यांत लवकर होणारा अपमान. त्याला दारात बसायला खुर्ची दिली तर ती सावलीत का नाही म्हणून तो उठून जायचा, आणि त्याच्यामागं गट उठून जायचा. हौसिंगवर झेंडूच्या माळा होत्या, गुलाल होता, फोडलेल्या नारळाचं पाणी अजून ओलं होतं.

गुरुलिंगनं माळा काढल्या. हौसिंगला स्प्रिंगचे पाटे बसवायच्या ज्या बैठका असतात, त्या कुणीतरी कापून पुन्हा वेल्ड केलेल्या दिसत होत्या. आणि तेल भरायचं बूच, जे वरच्या अंगाला पाहिजे, ते खालच्या अंगाला होतं. तिथं त्याला थांबायला पाहिजे होतं. थांबला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण डोक्यावर हलगी वाजत होती, शहादेव खुर्चीत बसून बघत होता, आणि गुरुलिंगच्या मनात एकच होतं की उद्या ही जीप रस्त्यावर पाहिजे, न्हाईतर परवा आपले पत्रे ट्रॉलीत. सिरसाळ्याच्या मिस्त्रीला त्यानं एक शिवी हासडली आणि हौसिंग त्याच बैठकांवर चढवलं. तेल भरायला गेला, तर बुचातून घातलेलं तेल भडाभडा खाली.

शांतादेवी चहा घेऊन आली होती. ती जमिनीवरचं तेल बघत राहिली.

"पातेलं पालथं घालून खिचडी शिजवायलाव का?"

"तुला काय कळतंय त्यातलं? आत जा."

ती आत गेली. गुरुलिंगनं जीपचं मागचं अंग जॅकवर अधांतरी ठेवलं होतं. तेल कसंबसं भरून झाल्यावर त्यानं इंजिन सुरू केलं आणि पहिला गिअर टाकला. चाकं फिरली. हलगीवाल्यांनी जोर धरला. शहादेवनं मिशीला ताव दिला. दादाचा ड्रायव्हर अंगद तेवढा खाली वाकून चाकांकडं बघत होता.

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "चाकं मागं फिरायलीत."

गुरुलिंगनं दुसरा टाकला. मागंच, जास्त जोरात. मग त्यानं रिव्हर्स टाकला, आणि चाकं शहाण्यासारखी पुढं फिरायला लागली.

तो खाली उतरला आणि खुर्चीपाशी गेला. "शहादेवराव, हे हौसिंग कशाला लावलतं तुमी?"

"कडबा उचलायच्या मशीनला. घरीच बनवलंय." शहादेवचा ऊर भरून आला. "त्याच्यात ड्रायव्हर उलटा बसतो. कडबा मागच्या अंगाला उचलायचा ना, मग मशीन मागं जोरात पळायला पायजे. म्हणून मिस्त्रीनं हौसिंगच पालथं केलं, बैठका कापून दुसऱ्या अंगाला लावल्या. मागं जायला सगळे गिअर, पुढं जायला एक. लई डोकं लावलतं."

डोकं खरंच लावलं होतं. कडब्याला तेच पाहिजे असतं. पण त्या यंत्राचं हौसिंग आता तात्यांच्या जीपखाली होतं, आणि उद्या तात्यांच्या जीपला तहसीलला जायचं होतं, तेही तोंड पुढं करून.

दादा आला तो फोनवर बोलतच. गुरुलिंग त्याच्यापुढं उभा राहिला.

"दादा, हौसिंग पालथं हाय. बैठका कापतो, सरळ करून परत वेल्ड करतो. न्हाईतर लिंबाखालचं टाकतो. उद्या सकाळपर्यंत जीप..."

"कापणार?" शहादेव खुर्चीतून उठला. "कटर लावणार? आमच्या हौसिंगला? दादा, नेकनूरचा शाफ्ट वाकडा हाय, त्याला कुणी कटर लावलं का? केजच्या गिअरबॉक्सला दात न्हाईत, त्याला कुणी काय म्हणलं का? मग कापाकापी आमच्याच गटाची कावून?"

त्याच्यामागं त्याची पोरं उभी राहिली. हलगी थांबली.

दादानं फोनवर हात ठेवला. "आप्पा, कुणी तुला कापायला सांगितलंय? शहादेवरावांनी जसं दिलंय तसंच बसलं पायजे."

"दादा, पण गाडी उलटी..."

"उलटं-सुलटं मला सांगू नको. तू नटबोल्ट बघ, मी माणसं बघतो." आणि तो पुन्हा फोनवर गेला. "हां, बोला साहेब, काय न्हाई, एक कामगार होता."

आता गुरुलिंग ओरडून सांगू शकला असता. सगळ्यांदेखत म्हणाला असता, की बाबांनो, ही गाडी मी पालथी जोडलीय. पण तालुकाभर त्याचं रील फिरत होतं. जशीच्या तशी. महांतेशआप्पाचा लेक. तो अंगदला लिंबामागं घेऊन गेला.

"ध्यान देऊन ऐक. रिव्हर्स टाकला की जीप पुढं जाणार. बाकी कुठलाबी टाकला की मागं. तू रिव्हर्सच टाकायचा आन् त्याला हलवायचाच न्हाई. मिरवणुकीत कोण पळवतंय? हळूहळू जायचं."

"दादाला सांगू का?"

"सांगून बघ."

अंगदनं डोकं खाजवलं. "दादाला मी आजवर निस्तं व्हय म्हणलोय, आप्पा. दुसरं काय म्हणायची सवयच न्हाई."

दुसरा दिवस सोमवार. सोमवारी गुरुलिंग पान्याला हात लावत नसे. अंघोळ करून, भस्म लावून, पांढरा सदरा घालून तो गॅरेजपुढं उभा राहिला. ऊन डोक्यावर आल्यावर लांबून डीजे ऐकू आला, मग हलगी, आणि दोन्हीच्या खालून एक चिवट किंकाळी. रिव्हर्स गिअरची ती किंकाळी त्याला झोपेतही ओळखता आली असती. अंगदनं दादाच्या गावापासून रिव्हर्स सोडला नव्हता. जीप गोगलगायीसारखी पुढं येत होती आणि दादा हूड मागं सारून तिच्यात उभा राहून हात जोडत होता. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तात्याबी असेच सावकाश जायचे," असं कुणीतरी म्हणालं. जीपच्या पुढं हलगीवाले आणि नाचणारी पोरं, मागं शहादेवची गाडी, तिच्यामागं नेकनूरकर, त्यांच्यामागं दिसेल तिथवर गाड्याच गाड्या.

जमलं, असं गुरुलिंगला वाटलं. आता इथून तहसील किती लांब? हा एक तुकडा गेला की पत्रे वाचले.

तेवढ्यात दादानं हात वर केला. "थांबा! थांबा!"

जीप गॅरेजपुढं थांबली. दादानं माइक घेतला. "तात्या फॉर्म भरायला निघाले की इथं थांबायचे! महांतेशआप्पाच्या हातचा चहा घ्यायचे! आन् इथून पुढं स्वतः गाडी चालवत तहसीलला जायचे! आज तात्यांचा लेकबी तेच करणार!"

टाळ्या, शिट्ट्या, गुलाल. ही गोष्ट गेली कित्येक वर्षं गॅरेजमध्ये बसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला गुरुलिंगच तर सांगत आला होता. माझ्या बापाचा चहा, तात्या स्वतः स्टेअरिंगवर. आणि ती त्याच्याच डोक्यातून गेली होती.

दादा खाली उतरून ड्रायव्हरच्या सीटवर चढला. अंगद सरकला, पण पूर्ण सरकला नाही.

"दादा, रिव्हर्स..."

"काय?"

"रिव्हर्स टाका."

"फॉर्म भरायला चाललोय बे, घरला न्हाई!" दादा मोठ्यानं म्हणाला. भोवतीचे सगळे हसले. दादानं ऐटीत पहिला टाकला आणि क्लच सोडला.

जीप मागं गेली.

मागं शहादेवची गाडी होती. तिच्या ड्रायव्हरनं जीपचं बूड अंगावर येताना बघितलं आणि घाबरून गाडी मागं घेतली. त्याच्यामागच्यानं त्याचं बघून घेतली. त्याच्याही मागच्यानं आपल्या पुढच्याचं बघून. का, असं कुणी विचारलं नाही. दादा मागं चाललेत म्हणजे काहीतरी असणार. वरून फोन आला असणार. मुहूर्त चुकला असणार. दादांनी डाव टाकला असणार. आपल्याला कळलं नाही असं दाखवणारा कोण? बघता बघता सगळी मिरवणूक केजकडं तोंड करून नेकनूरच्या दिशेनं सरकायला लागली. पुढचे हलगीवाले मागं राहिले म्हणून जीपकडं तोंड करून पळायला लागले, आणि त्यांच्यामागं पळणारी पोरं घसा फोडून ओरडत होती: "दादा तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!"

दादाला कळलं, की काहीतरी चुकलंय. पण त्याच्या नाकासमोर मोबाइल धरलेली पोरं होती. थांबून गिअर चाचपडणारा पुढारी रीलमध्ये कसा दिसेल? तो हात हलवत राहिला आणि खालून त्यानं दुसरा टाकला. जीप आणखी जोरात मागं निघाली.

गुरुलिंग पांढरा सदरा खोचून जीपच्या बाजूनं पळत होता. "दादा, रिव्हर्स! रिव्हर्स टाका!"

"डोकं फिरलंय का आप्पा तुझं?" दादा दातओठ खात म्हणाला, तोंडावरचं हसू तसंच ठेवून. "आधीच मागं चाललीय, आन् वरून रिव्हर्स टाकू?"

शाळेतल्या मास्तरलाही ते बरोबरच वाटलं असतं.

पेट्रोल पंप गेला. ओढ्यावरच्या पुलावर दादानं चिडून तिसरा टाकला, आणि केजच्या गटाचा तिसरा गिअर आपल्या सवयीप्रमाणं उडी मारून बाहेर आला. दादानं तो पुन्हा कोंबला, पुन्हा आला, पुन्हा कोंबला. मग क्लच प्लेट जळाल्याचा वास सुटला आणि तात्यांची जीप पुलाच्या मधोमध बसली. मागून गाड्या एकमेकींत अडकलेल्या, पुढून एसटी येऊन उभी, तिचा ड्रायव्हर खिडकीतून सगळ्यांच्या आया काढत होता.

"दादा, वेळ टळायलीय," गुरुलिंग धापा टाकत म्हणाला. त्याची स्वतःची फटफटी एका पोरानं आणून दिली होती. "माझ्या मागं बसा. गाड्यांमधून काढतो, थेट तहसीलला नेतो."

त्याला दादाचं काही पडलं नव्हतं. त्याला पत्रे दिसत होते.

"फटफटीवर?" दादानं चहूकडं बघितलं. "तात्यांच्या जीपमधून उतरून तुझ्या फटफटीवर बसू? ढकला रे! ढकला जीप!"

केजच्या गटानं मागून लावली ढकलायला, म्हणजे जीप केजकडं जावी म्हणून. सिरसाळ्याच्या गटाला वाटलं, दादांचं मागं जायचंच ठरलंय. त्यांनी पुढून लावली. दोन्ही गट जीव तोडून ढकलत होते. जीप जागच्या जागी हलत होती आणि तिच्यावर बसून दादा हात जोडत होता. तीन वाजले, फॉर्म घ्यायची वेळ संपली. तहसीलमध्ये एकच फॉर्म आला होता. भरणारा एकटाच आला होता, फटफटीवर.

संध्याकाळी पुलावर पत्रकार आले. दादानं फेटा सारखा केला. "तालुक्याच्या ऐक्यासाठी, तात्यांच्या विचारानं, आम्ही थांबायचा निर्णय घेतला. अन् हा निर्णय आधीच झालता."

"पण दादा, जीप बिघडली असं..."

"तात्यांच्या जीपला काय धाड भरलीय? तिला जिकडं न्यायचीय तिकडंच ती गेली."

आणि प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक माणसानं सांगितलं, की आम्हाला आदल्या दिवशीच माहीत होतं. उलटी गाडी चालवत आलेल्या माणसाला दुसरं काय सांगता येतं?

जीप दोरानं ओढून गॅरेजवर आणली, तिच्यामागं दादाही आला. पत्रकार आणि बघे अजून रस्त्यावर रेंगाळत होते. दादानं गुरुलिंगला खांबाशी गाठलं, आवाज खाली ठेवून.

"बुडवलंस मला. उद्या पत्रे उचल. न्हाईतर मशीन पाठवतो."

नव्वद बढाया पाठ असलेल्या गुरुलिंगच्या तोंडात एक साधं वाक्य नव्हतं. दारातून शांतादेवी पुढं आली आणि मुद्दाम, रस्त्यावर ऐकू जाईल असं बोलली.

"उचलतो की दादा. लगीच उचलतो. निस्तं एवढं सांगा, लोकांनी इचारलं पत्रे कावून काढले, तर काय सांगायचं? जीप बिघडली व्हती म्हणून सांगू, का तुमाला चालवता आली न्हाई म्हणून सांगू?"

रस्त्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. एका पत्रकारानं मोबाइल वर केला.

दादानं तिच्याकडं बघितलं, मग मोबाइलकडं. हळूहळू त्याच्या तोंडावर ते मिरवणुकीतलं हसू आलं. त्यानं गुरुलिंगच्या खांद्यावर हात टाकला. "कोण म्हणतंय पत्रे काढायचे? वहिनी, चहा टाका. तात्यांची जीप ह्याच माणसानं उभी केलीय. हे गॅरेज म्हंजी आमचं मंदिर हाय."

मोबाइलमध्ये ते सगळं आलं. गॅरेज वाचलं.

दुसऱ्या आठवड्यात बिनविरोध निवडून आलेला चेअरमन गॅरेजपुढं नारळ फोडून गेला, कारण त्याचा विजय इथूनच सुरू झाला होता. ऐक्यासाठी केलेल्या त्यागाबद्दल दादाला गिरणीचं सल्लागारपद मिळालं. बाभळींना काय सल्ला द्यायचा, ते अजून ठरायचंय. जीप लिंबाखाली उभीच आहे. शहादेव अजूनही हौसिंगला कटर लावू देत नाही.

आणि परवा एक तरणा पुढारी आला. कडक इस्त्री, काळा गॉगल, आणि नीट चालणारी, पुढं जाणारी जुनी जीप.

"आप्पा, ग्रामपंचायत लागलीय. दादांनी केलती तशी मिरवणूक काढायचीय. तिचं रील लई फिरलं. हिचं हौसिंग तसं करून द्या."

"चांगली हाय की गाडी," गुरुलिंग म्हणाला. "पुढं जायलीय."

"पुढं सगळ्यांच्याच जात्यात, आप्पा."

गुरुलिंगनं शांतादेवीकडं बघितलं. ती पत्र्याकडं बघत होती. त्यानं चष्मा लावला, गॅस कटर पेटवला आणि चांगल्या जीपखाली सरकला.